वाटेवरची लाल फुली

"हे बघ! झाला की नाही लालभडक?"

आमच्या ह्यांनी बादलीतली काठी उचलून थेट माझ्या नाकासमोर धरली. मागच्या दारी, मोरीच्या कट्ट्यावर, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या थाटात त्यांचं काम चाललं होतं. पाव बादली भिजवलेला चुना, आणि त्यात माझ्या डब्यातली सगळी हळद.

"अहो, वर्षाची हळद होती ती!"

"चुन्यात हळद पडली की लाल होणारच. रसायनशास्त्र आहे हे. आता तुझ्या गाइडच्या पोरींना म्हणावं, चुकून दाखवा."

आवाज ऐकून सासूबाई बाहेर आल्या. बादलीत डोकावल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे, हे तर कुंकूच कालवलंस की! आणि उद्या अवस आहे. अवसेला पोरींना माळावर नेतात का कुणी?"

"आई, अवस असली तरी रविवार आहे," मी म्हटलं. "बाकीच्या दिवशी त्यांना शाळा असते."

सासूबाईंच्या पदराआडून आमची उमी हे सगळं ऐकत होती. नाव ऊर्मिला, वय बारा, सातवीत. दिवेलागणीनंतर परसात जायचं तर आजीला बरोबर न्यायची. आजीने सांगितलेलं तिच्या लेखी सगळंच खरं. पिंपळाखालून जाताना बोलायचं नाही, केस विंचरून गुंतवळ बाहेर टाकायचा नाही, तिठ्यावर काही पडलेलं असलं तर बघायचंसुद्धा नाही. मी कॉलेजात कबड्डी खेळलेली बाई. चढाई करायची म्हटली की समोर कोण आहे हे मी बघत नसे. माझ्या पोटी हे ससुलं कुठून आलं, हे मला कळत नव्हतं. खरं सांगायचं तर तिला धीट करायचं म्हणूनच मी त्या भानगडीत पडले होते.

भानगड म्हणजे गाइड पथक. कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेत ते आधीपासून होतं, पण चालवणाऱ्या बाईंची बदली झाली. मुख्याध्यापिकांनी पालकसभेत विचारलं, "पालकांपैकी कुणी जबाबदारी घेतंय का? नाहीतर पथक बंद करावं लागेल." सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मला गप्प बसवत नाही, हा माझा जन्माचा स्वभाव. मी हात वर केला. मग शिबिर झालं, प्रशिक्षण झालं, निळी साडी आली, गळ्यात स्कार्फ आला, शिट्टी आली, आणि मी, वसाहतीची तोडकरवहिनी, कॅप्टन झाले.

पहिल्याच दिवशी मी उमीला बजावलं, "गणवेश अंगावर असला की मी तुझी आई नाही. कॅप्टन म्हणायचं. लाड मागायचे नाहीत." ती म्हणाली, "बरं, कॅप्टन." आणि तिने ते इतकं पाळलं की गुडघा फुटला तरी माझ्याकडे न येता ती प्रथमोपचाराच्या पेटीकडे जायची. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून मीही तिच्याशी जरा जास्तच कडक वागायची. आमच्या पथकातल्या शेवंती संघाची नायिका मी केलं प्रतिभा मोहितेला. खणखणीत आवाज, वक्तृत्वाची बक्षिसं, चालण्यात डौल. आणि उमीला दिलं कुणालाच नको असायचं ते काम, शेपटीचं.

ते काम असं. माग काढण्याच्या खेळात कॅप्टनने आधी पुढे जायचं आणि वाटेवर दगडांच्या, पानांच्या खुणा मांडत जायच्या. बाण म्हणजे इकडून जा. फुली म्हणजे इकडून जाऊ नका. चौकोन आणि बाण म्हणजे जवळपास काहीतरी लपवलंय, ते शोधा. मुली मागून त्या खुणा वाचत येतात. आणि रांगेतल्या शेवटच्या मुलीने एकेक खूण मोडत यायचं, म्हणजे मागून येणारा भलताच माणूस त्यामुळे चुकत नाही. बाकीच्या पुढे शोधाशोध करतात, आरडाओरडा करतात. शेवटची मात्र वाकून वाकून दगड उचलते आणि मागे पडते. उमीला ते काम दिलं तेव्हाही ती "बरं, कॅप्टन" एवढंच म्हणाली.

मागच्या खेपेला मी नुसत्या पांढऱ्या चुन्याने खुणा केल्या होत्या. आमच्या माळावरचा मुरूमही पांढरा. पोरींना काही दिसलं नाही आणि सगळं लटांबर एका शेतकऱ्याच्या मिरचीत शिरलं. त्यावरून वसाहतीत जे रामायण झालं ते विचारू नका. प्रतिभाचे वडील, कारखान्याचे हेड टाइमकीपर मोहिते, शाळेच्या समितीवर होते. ते मला सगळ्यांसमोर म्हणाले, "तोडकरवहिनी, पोरींच्या जाती आहेत. या खेपेला परत चुकल्या तर मीच अर्ज देणार, पथक बंद करा म्हणून." म्हणून ही लाल रंगाची मसलत.

रविवारी सकाळी मी बादली घेऊन निघाले. मऊ ऊन होतं. माळ संपला की खाली उतरणीला एक तिठा लागायचा. एक वाट आमच्या वसाहतीतून येणारी, दुसरी उजवीकडे खोतवस्तीकडे जाणारी, तिसरी कालव्याच्या पुलाकडे. पुलापलीकडे गाव होतं आणि गावात शिरताच सरकारी दवाखाना. मागच्या वेळी सगळा घोळ या तिठ्यावरच झाला होता, त्यामुळे इथे मी अगदी हात सैल सोडला. पुलाकडच्या वाटेवर लाल दगडांचा ठसठशीत बाण मांडला. खोतवस्तीच्या वाटेवर, चुकूनही कुणी वळू नये म्हणून, या कडेपासून त्या कडेपर्यंत लाल रंगाची भली मोठी फुली ओढली. मधोमध दगडांचा चौकोन केला आणि बाजूला एका दगडाखाली शेंगदाण्याच्या लाडवांची पुरचुंडी पुरली. फडकं माझ्या लाल ब्लाउजपीसचं होतं. मागे सरून मी सगळं एकदा बघितलं. आंधळ्यालासुद्धा दिसलं असतं. मी खुशीत पुलाकडे गेले आणि कठड्यावर बसून पोरींची वाट बघायला लागले.

पोरी येईनात.

नियम असा की कॅप्टनने शेवटच्या ठिकाणी थांबायचं, मागे जायचं नाही. मी थांबले. कालव्यातलं पाणी बघितलं, शिट्टी पुसली, दोनदा उठून लांबवर नजर टाकली. सावल्या आखूड होत चालल्या. मोहित्यांचा चेहरा डोळ्यांसमोर यायला लागला तेव्हा मी नियम ठेवला बाजूला आणि पदर खोचून उलट निघाले.

तिठ्याच्या अलीकडेच आवाज कानावर आले.

"टाक ती पुरचुंडी खाली! टाक म्हन्तो न्हवं!"

खोतवस्तीच्या वाटेवर, फुलीच्या पलीकडे, दहाबारा माणसं दाटून उभी होती. फुलीच्या अलीकडे माझ्या पोरी. मधे प्रतिभा, हातात ती लाल पुरचुंडी. तिच्यावर एक मिशाळ म्हातारा काठी रोखून उभा होता. त्याला सगळे तात्या म्हणत होते.

"काका, ह्यात लाडू आहेत," प्रतिभा म्हणाली. "शेंगदाण्याचे."

"तिठ्यावर? अवसंला? लाल फडक्यात? आन् लाडू? मला शिकिवतीस व्हय गं?"

प्रतिभाने मान ताठ केली आणि वक्तृत्व स्पर्धेतला आवाज लावला. "करणी, भानामती हे सगळे अंधश्रद्धेचे प्रकार आहेत. विज्ञानयुगात आपण..."

"ए, शाळा तुज्या घरी!" तात्या कडाडला. गर्दी आणखी पुढे सरकली, पण फुलीपाशी येऊन सगळ्यांचे पाय थांबले. त्या रेषेला कुणीही पाय लावत नव्हतं.

तेव्हा मला गर्दीच्या पुढे बसलेली म्हातारी दिसली आणि तिच्याशेजारी तिची सून. सून म्हणजे स्वतःच पोरगेलीशी. तिच्या मांडीवर वर्षाच्या आतबाहेरचं बाळ होतं. बाळ रडत नव्हतं. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, मान हातावर लोंबत होती. रात्रभर जुलाब झाले होते. सकाळी घरगुती औषध लागू पडेना तेव्हा ती माणसं त्याला दवाखान्यात घेऊन निघाली होती आणि इथवर येऊन थबकली होती. आपल्या वाटेवर कुणीतरी रात्रीत लाल फुली मारली, म्हणजे पोराचा घास घ्यायलाच मारली, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. वळसा घालावा तर दोन्हीकडे पाणी पाजलेला ऊस, गुडघाभर चिखल. शिवाय मांडलेल्याला वळसा घातला तरी ते लागतंच, असं म्हातारीचं म्हणणं. देवऋषाला निरोप गेला होता. तो येईपर्यंत कुणी हलायचं नाही असं ठरलं होतं. तेवढ्यात निळ्या गणवेशातल्या या पोरी आल्या आणि जाऊन थेट त्या दगडांपाशीच बसल्या.

आमची मसलत, आमची हळद, आमचा चुना, आणि त्यापायी एक लेकरू तिथे मान टाकून पडलं होतं.

मी धावतच पुढे गेले. "अहो, थांबा! करणी नाही ही! खुणा आहेत! मी मांडलंय हे सगळं!"

मला वाटलं, आता सगळे सुटकेचा श्वास टाकतील. पण एका धट्ट्याकट्ट्या बाईने फुलीपलीकडूनच हात लांबवून माझं मनगट धरलं.

"ही बघा! ही मांडनारी! सोताच्या तोंडानं सांगतीया!"

"अहो बाई, ऐकून तर घ्या," मी म्हटलं, "हा खेळ आहे. त्या फुलीचा अर्थ एवढाच की इकडून जाऊ नका..."

"आयकलं का?" तात्या गर्दीकडे वळला. "जाऊ नका म्हनती! वाट बांधली म्हनती आमची!"

जेवढं सांगायला जावं तेवढं मी खोल रुतत होते. म्हातारीने माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग असता तर मी सोसला असता. ती नुसती म्हणाली, "का गं बाई, आमच्या पोरानं तुजं काय वाईट केलं?"

मी परत तोंड उघडलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"कॅप्टन, तुम्ही बोलू नका."

उमी होती. रांगेच्या शेवटून चालत ती पुढे आली होती. घरात जिचा आवाज स्वयंपाकघरातून माजघरात ऐकू येत नसे, ती माझ्याकडे रोखून बघत होती. "एक शब्द बोलू नका," ती पुन्हा म्हणाली.

आणि मी गप्प बसले. लग्नाला पंधरा वर्षं होत आली होती. जे ह्यांना जमलं नव्हतं, सासूबाईंना जमलं नव्हतं, ते त्या पोरीने दोन वाक्यांत केलं.

ती फुलीच्या अलीकडे, म्हातारीच्या समोर उकिडवी बसली.

"आजी, मांडलेलं मोडणाऱ्याला लागतं ना?"

"व्हय बाई. म्हनून तर कुनी हात लाविना."

"मग मी मोडते. आमच्यात मोडायचं काम माझंच असतं."

"खुळी का काय तू! कुनाची लेक गं?"

उमीने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "शेवंती संघाची," ती म्हणाली. "मी मोडलं तर बाळाला दवाखान्यात न्याल ना?"

म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "आन् तुज्या अंगावर आलं म्हंजी?"

"येऊ दे."

एवढं बोलून ती उठली आणि दगडांपाशी गेली. आधी बाण. एक दगड उचलला, उसात भिरकावला. दुसरा उचलला. मग चौकोन. लांबून बघणाऱ्याला ती अगदी सहज काम करते आहे असंच वाटलं असतं. मी जवळ होते. तिचे ओठ हलत होते. दगड मोजते आहे असं मला वाटलं. एक दगड हातातून निसटून पायावर पडला, तरी ती थांबली नाही.

सगळे दगड संपले आणि राहिली फुली. तिने आपल्या बाटलीतलं पाणी फुलीवर ओतलं, गुडघे टेकले आणि दोन्ही तळव्यांनी माती खरवडायला लागली. लाल चिखल झाला. तिने तो ओंजळीने उचलून बांधावर टाकला. परत खरवडलं. प्रतिभा पुढे झाली, तशी उमीने मान हलवून तिला मागे सारलं. बाटली संपली तेव्हा दुसऱ्या पोरींनी आपल्या बाटल्या नुसत्या जवळ ठेवल्या. तिने त्याही ओतल्या. शेवटी मुरुमावर एक फिकट ओला डाग तेवढा उरला. तिने उभं राहून त्या डागावर बरोबर मधोमध दोन्ही पाय ठेवले आणि लाल झालेला हात त्या सुनेपुढे केला.

"ताई, या. मी पुढं चालते. तुम्ही माझ्या मागनं या."

सून उठली.

"हौसे, थांब!" म्हातारी ओरडली. "देवरुषी येऊ दे."

हौसा वळली. आवाज खाली होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आत्याबाई, पोरगंच ऱ्हायलं न्हाई तर मी कुनाला घिऊन थांबू? परक्याची पोर माज्या पोरासाठी अंगावर घेतीया, आन् मी आई असून पाय उचलू नगं?"

आणि तिने पाऊल टाकलं. उमीचा हात धरून ती त्या डागावरून अलीकडे आली.

पुढचं सगळं भराभर झालं. प्रतिभाला एकदम कंठ फुटला. या वेळी मात्र ते भाषण नव्हतं. "साखर कुणाकडे आहे? मीठ? जेवणाच्या पिशवीत बघा! प्यायचं पाणी उरलंय का?" एका पोरीकडे थोडं उकळून गार केलेलं पाणी शिल्लक होतं. प्रथमोपचारात शिकवल्याप्रमाणे प्रतिभाने त्यात साखर-मीठ कालवलं आणि हौसाच्या बाजूने चालत चालत चमच्याने बाळाच्या ओठांत सोडायला लागली. माझं मनगट धरणाऱ्या बाईने ते कधी सोडलं मला कळलंच नाही. ती हौसाचं लुगडं आवरत पुढे पळत होती. म्हातारीही आली. ओल्या डागापाशी तिने जरा घुटमळून हात जोडले, आणि मग पटकन ओलांडून आली. सगळ्यांत पुढे उमी. शेपटीची पोर पहिल्यांदाच रांगेच्या तोंडाला चालत होती आणि तिच्या मागे आख्खी वस्ती.

दवाखान्यातले डॉक्टर मागच्याच खोलीत राहायचे. त्यांनी बाळाला लगेच सलाइन लावलं. ओसरीवर आम्ही सगळे बसून होतो. तात्याने प्रतिभाच्या मांडीवरच्या पुरचुंडीकडे दोनतीनदा चोरून बघितलं. तिने ती त्याच्यापुढे धरली. त्याने एक लाडू उचलला, हुंगला, तोंडात टाकला. जरा वेळाने दुसराही उचलला. मग आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. अगदी टिपेचा, हक्काचा. हौसा तोंडात पदर कोंबून रडायला लागली आणि म्हातारीने भिंतीला डोकं टेकवून डोळे मिटले.

तेवढ्यात फाटकाशी लूना थांबली. मोहिते! कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की गाइडच्या पोरी दवाखान्यात आहेत. चेहऱ्यावर घाम, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"तोडकरवहिनी! मी काय सांगितलं होतं? चुकल्या ना परत?"

"नाही पप्पा," प्रतिभा उठून म्हणाली. "आम्ही एकही खूण चुकलो नाही."

"मग दवाखान्यात कशाला? कुणाला काय झालंय?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण तात्याने मला थांबवलं. लाडू गिळून त्याने सगळी हकीकत स्वतःच सांगितली, अगदी काठी रोखण्यापासून, काही न लपवता. मोहिते ऐकत राहिले. ऐकता ऐकता त्यांनी शर्टाची बटणं नीट केली. शेवटी म्हातारी म्हणाली, "सायेब, ह्या समद्यांत मोठी कोन ती आमास्नी कळंना. ही निळ्या साडीतली म्हनावी, तर हिला तर त्या बारकीनं गप बसिवली."

मोहित्यांनी उमीकडे बघितलं. ती ओसरीच्या टोकाला हात मागे लपवून बसली होती.

"वहिनी, हिला शेवटी कशाला ठेवता?" ते मला म्हणाले. "पुढं घ्या की."

"मला शेवटीच बरं वाटतं, काका," उमी म्हणाली.

अर्जाचं नाव त्यानंतर मोहित्यांनी कधी काढलं नाही. पुढच्या पालकसभेत पथकाला नवे तंबू हवेत म्हणून सगळ्यांत मोठ्याने तेच भांडले.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा आम्ही परत निघालो. प्रतिभा बाकीच्यांना घेऊन पुढे गेली होती. कालव्याच्या कडेने मी आणि उमी मागून चाललो होतो. किती वेळ मी स्वतःला आवरलं असेल ते माझं मलाच माहीत.

"उमे, भीती नाही वाटली?"

"वाटली की."

"तिथल्या लोकांची?"

"नाही. दगडांची."

मी चालता चालता थांबले. "अगं, ते दगड मी लावले होते. रंग बाबांनी केला होता, तुझ्यासमोर. माहीत होतं ना तुला?"

"माहीत होतं," ती म्हणाली. खाली बघून पायाने माती उकरत राहिली. "पण आजी म्हणते, अवसेला तिठ्यावर कुणी खेळ म्हणून मांडलं तरी ते जागं होतं. आणि ज्याने मांडलं त्याला आधी लागतं."

"मग?"

"तू सगळ्यांसमोर सांगत होतीस ना, मी मांडलं, मी मांडलं म्हणून. सारखी सांगत होतीस. ते ऐकू नये कुणी, असं मला वाटलं." तिने माझ्याकडे बघितलं. "मोडणाऱ्यावर आलं की मांडणाऱ्यावरचं जातं. म्हणून मी प्रतिभाला हात लावू दिला नाही. बाळाचं पण जाईल आणि तुझं पण जाईल, असं म्हणत होते मी मनात."

मी कालव्याच्या कठड्यावर बसले. मला वाटत होतं, माझ्या मुलीने आज भीती टाकली. तिने तर काहीच टाकलं नव्हतं. सगळी भीती जिथल्या तिथे होती, आजीच्या सांगण्यावरचा विश्वासही जिथल्या तिथे होता. त्या दगडांतून आपल्या अंगावर काहीतरी येणार हे मनोमन धरूनच ती तिथे वाकली होती, एका अनोळखी बाळासाठी आणि माझ्यासाठी. चढाई करताना मी कधी समोर बघितलं नाही, याचीच मला आयुष्यभर ऐट होती. ही पोर सगळं बघून गेली होती. मला इतका अभिमान वाटला, इतका, की छातीत मावेना. मी तिला ओढून जवळ घेतलं आणि तिचे दोन्ही लाल तळवे माझ्या निळ्या साडीला पुसले. पुढे पोरी थांबून बघत होत्या. बघू देत, म्हटलं.

जरा वेळाने तिने मान वर केली. "आजीला सांगू नकोस हां. मीठमोहऱ्या घेऊन बसेल रात्रभर."

"सांगणार," मी म्हटलं. "आजीला सांगणार, बाबांना सांगणार, सगळ्या वसाहतीला सांगणार. आता मला गप्प बसवून दाखव."

तिने डोळ्यांवर हात घेतला आणि हसायला लागली.

मी सांगितलंच. तेव्हापासून सांगतेच आहे.